हवालदारांचा दम

धोंडजी हवालदारांनी उभ्या जन्मात कुणाला दम भरला नाही. पोलिसाबद्दल असं सांगितलं की लोक मला हसतात. पण कर्जतच्या ठाण्यात मी त्यांना बारा-तेरा वर्षं जवळून पाहिलं. पकडून आणलेल्या चोरालासुद्धा ते "बस रं, आदी पानी पी" म्हणायचे, आणि चोर त्यानंच जास्त घाबरायचा. दुसऱ्याला दम देण्यापेक्षा त्याच्यात दम किती आहे हे बघायची त्यांना खोड होती.

मी तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना आणि ठाणं एकाच आवारात, मध्ये एक जुनी चिंच. हवालदार मूळचे पोशीरचे, घरची भातशेती भावाकडे. अंगानं उंच, छातीनं रुंद, बोलणं हळू. उजवी वहाण अंगठ्याशी तुटलेली होती, ती त्यांनी सुंभानं बांधून घेतली होती. नवी का घेत नाही म्हणून विचारलं तर म्हणायचे, "ही आजून चालत्ये. मी थांबलो की तीबी थांबंल." माणूस असा, की त्याच्या वहाणेचीसुद्धा आपल्याला आठवण राहावी.

त्या काळी पोलिसात भरती व्हायची ती अलिबागेला. भातं कापून झाली की खेड्यापाड्यातले जवान निघायचे. खोपोली, पेण करत पायपीट करायची, भाकरी संपेपर्यंत चालायचं, आणि तिथं साहेबासमोर उंचीत अर्धा इंच कमी पडलं की आल्या वाटेनं परत. परतणाऱ्यांची तोंडं हवालदारांना बघवत नसत. म्हणून त्यांनी फौजदारांची परवानगी काढली आणि ठाण्याच्या पडवीत आधीची चाळणी सुरू केली. इथं उतरला तरच पुढं अलिबागेला जायचं.

पडवीच्या सागवानी खांबावर चाकूनं कोरलेली एक रेघ होती. टाळू तिथवर पोचली पाहिजे. जवान चवडे उचलायचे, केस वर बांधून यायचे, एकानं तर डोक्याला शेण थापून वर पागोटं घातलं होतं. हवालदार रागावत नसत. वाकून टाचेखाली कागदाचा कपटा सरकवून बघत. कपटा आत गेला की म्हणत, "टाच टेकव, लेकरा. देव उंची देतो, चवडं नाय." मग छाती. टेप दवाखान्याचा, म्हणून धरायला मी, आणि लिहिता येतं म्हणून नोंदवहीही माझ्याकडेच. साधी छाती किती, फुगवून किती, दोन इंचांचा फरक पडतो की नाही. एवढं अलिबागेलाही व्हायचं.

तिसरी परीक्षा मात्र हवालदारांची स्वतःची होती. ती सरकारच्या कुठल्या कागदात नव्हती.

ठाण्यामागं एक टेकडी आहे. फार उंच नाही, पण चढ उभा. माथ्यावर शेंदूर फासलेला म्हसोबा. परीक्षेच्या दिवशी पहाटे हवालदार एकटे वर जात आणि म्हसोबापुढं काहीबाही मांडून येत. कधी पाच पांढरे गोटे आणि एक काळा, कधी उपडं मडकं, कधी चिंधी बांधलेली काठी. उमेदवारानं पळत वर जायचं, बघायचं, पळत खाली यायचं, आणि हवालदारांच्या पुढ्यात उभं राहून लगेच सांगायचं: नाव, गाव, बापाचं नाव, वर काय पाहिलंस. घड्याळ लावलेलं नसे. कोण आधी आला याला किंमत नव्हती. आल्यावर जो गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत राही, तो नापास. सगळं सांगून झालं की ते शेवटी एकच विचारत, "आनखी?" बहुतेकांपाशी आणखी काही नसे.

"पळनारी कुत्रीबी हायेत," ते म्हणायचे. "पळत येऊन सांगनारा मानूस पायजे."

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पायाला ठेच लागून नख उपटलं होतं, मी पट्टी बांधत होतो. म्हणाले, खालापूरच्या ठाण्यात नवा शिपाई होतो तेव्हा एका वाडीवर दरोडा पडला. वाडीच्या वाटेवर मी एकटा. सगळं बघितलं आणि जीव खाऊन ठाण्याकडे पळत सुटलो. फौजदारापुढं जाऊन उभा राहिलो. फौजदार विचारतो, "कुठं?" तर तोंड उघडलं, शब्द नाही. छातीचा नुसता भाता. शेवटी हात करून दिशा दाखवली. त्या अंगाला दोन वाड्या होत्या. शिपाई जवळच्या वाडीत गेले. दरोडा पडला होता लांबच्या वाडीत. तिथं एक म्हातारा आणि त्याचा जावई दोघे मारले गेले.

"वाडीचं नाव दोन अक्षरांचं व्हतं, कंपाउंडर," हवालदार म्हणाले. "दोन अक्षरं. तेवडा वारा नव्हता माज्यात."

मी पट्टीची गाठ मारली. दुसरं काय करणार होतो?

जर्मनीशी चाललेली ती पहिली मोठी लढाई संपायच्या सुमाराला मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएन्झा, आला. आमच्या भागात घरंच्या घरं झोपली. प्रेत उचलायला चार माणसं मिळेनात अशी वेळ आली तेव्हा हवालदारांनी किती जणांना खांदा दिला याची गणती नाही. जात विचारली नाही, वाडी विचारली नाही. त्यांची बायको त्याच तापात गेली. मूलबाळ नव्हतंच. मग त्यांना स्वतःला ताप भरला. तो उतरला, पण जाताना छातीत काहीतरी ठेवून गेला. त्या वर्षीच्या थंडीत त्यांना पहिल्यांदा दम लागला, आणि मग दर थंडीत लागू लागला.

ते दवाखान्याच्या मागच्या दारानं येत. डॉक्टर खालापूरकडे गेलेले असत तेच दिवस गाठत. मी त्यांना धोतऱ्याच्या वाळल्या पानांचा धूर द्यायचो. पाठीमागच्या खोलीत कांबळं पांघरून ते धूर ओढत बसत, आणि बाहेर येताना डगल्याची सगळी बटणं लावून ताठ येत. पहिल्याच खेपेला मी रजिस्टर उघडलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"दमा लिवू नका. खोकला लिवा."

मी त्यांच्याकडे बघितलं. टाचेखाली कपटा सरकवणारा माणूस हे म्हणत होता. मी खोकला लिहिला. पुढं दर वेळी खोकलाच लिहीत गेलो. त्यांनी मागितलेली ही एकच खोटी नोंद, आणि ती माझ्या अक्षरात आहे. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही. घरी गेलं तर रिकामं घर, आणि इथं कमरेला पट्टा. तो पट्टा गेला तर या माणसाचं उरतं काय, असं मी मनाशी म्हणालो. आजही म्हणेन.

गंमत अशी, की त्या दुखण्यानं त्यांची छाती पिंपासारखी फुगली होती. नुसतं बघणाऱ्याला वाटावं, काय तब्येत आहे. आणि नोकरीतल्या माणसाला पुन्हा टेप लावायची पद्धतच नव्हती. एकदा पट्टा मिळाला की मिळाला.

आता चाहूचं सांगतो. चाहू कळंबच्या वरच्या अंगाच्या ठाकूरवाडीतला. विशी ओलांडलेला, काटक, अंगावर एक लंगोटी आणि खांद्यावर घोंगडं. ठाकरांपैकी पोलिसात जायला आलेला तो आमच्याकडचा पहिलाच. खांबाला उभा केला तर टाळू रेघेच्या बोटभर खाली. तरी हवालदारांनी छाती मोजायला घेतली. मी टेप धरला. हवालदार म्हणाले, "भर वारा. हां. दम धर." तेवढ्यात आतून फौजदारांची हाक आली. हवालदार वळता वळता त्याला म्हणाले, "दम धर रं, आलोच," आणि आत गेले.

मी आकडा लिहायला मान खाली घातली. आत काहीतरी लांबलं. मग धप्पकन आवाज झाला. चाहू टेपसकट आडवा पडला होता, तोंड काळंनिळं. दम धर म्हणजे थोडं थांब, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आधीचा हुकूम श्वासाचा, मग हाही श्वासाचाच. आम्ही पाणी मारलं, त्यानं डोळे उघडले. जमलेले हसत होते. तो हवालदारांना म्हणाला, "तुमीच बोल्लात, दम धर."

हवालदार हसले नाहीत. त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आपल्या पंच्यानं त्याचं तोंड पुसलं. "हुकूम मी दिला न मीच इसरलो," ते म्हणाले. "त्यानं पाळला." मग त्याला म्हणाले, "पुडल्या साली ये. वाडशील." विशी ओलांडलेला माणूस वाढत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून मात्र दम धर हे शब्द हवालदारांच्या तोंडून गेले. उमेदवाराला ते 'वारा भर, वारा ऱ्हाऊ दे, वारा सोड' असं म्हणू लागले. कुणाला थांबायला सांगायचं तर नुसता हात वर करत.

पुढल्या वर्षी भातं झोडून झाल्यावर चाहू आला. रेघेच्या तेवढाच बोटभर खाली. नियमानं त्याला तिथूनच परत पाठवायचं. पण हवालदारांच्या मनात गेल्या वर्षीचं ते काळंनिळं तोंड असावं. "आलाय तर टेकडी करून जाऊंदे," ते म्हणाले. बदलून आलेले तरुण फौजदार खुर्ची टाकून मजा बघायला बसले होते. इतर दहाबारा उमेदवार धापा टाकून झाडाखाली बसले होते.

चाहू गेला आणि आला. कधी गेला कधी आला कळलं नाही. हवालदारांपुढं उभा राहिला, विहिरीवरून पाणी घेऊन आलेली बाई उभी राहावी तसा.

"माजा नाव चाहू. बापाचा नाव पदू. वाडी कळंबाचे वरती. म्हसोबापुडं सात गोटं, येक फुटका. मडक्यात पानी. पान्यात चाफ्याचा फूल."

"आनखी?"

"आनखी तुमचं पाय." चाहू टेकडीकडे हात न करता, हवालदारांकडे बघत सांगत होता. "उजवी वहान आंगठ्याशी तुटकी. पहाटं तुमी वर गेलाव. जाताना दोनदा बसलाव. येकदा करवंदीचे जाळीशी, येकदा कातळाचे खाली. दुसरे येळंला लय बसलाव. तिथला गवत आजून उठला नाय. येताना काठी टेकीत आलाव."

दर वर्षी पहाटे एकट्यानं वर जाणाऱ्या हवालदारांकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. बघणारा हा पहिला भेटला होता, आणि त्याला बघायला त्यांनीच पाठवलं होतं.

फौजदार वाईट माणूस नव्हता. ते हसून म्हणाले, "काय हवालदार, म्हसोबाशी गप्पा मारत बसला होतात वाटतं?" झाडाखालचे हसले. हवालदारांनी नुसतं हसायचं होतं, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. चाहूला आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं. तो पुटपुटला, "मी आपला दिसला ता सांगितला."

"बरोबर सांगितलास," हवालदार म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिवा, कंपाउंडर. जसं सांगितलं तसं लिवा. दोनदा बसला."

माझी लेखणी अडली. अशा वेळी माणूस किती मूर्खासारखं बोलतो! मी म्हणालो, "कुठल्या रकान्यात लिहू?"

"वर काय पाहिलं, त्या."

मी लिहिलं. माझी शाई सांडली, तो डाग त्या पानावर होता. हवालदारांनी पगडी काढून टेबलावर ठेवली आणि ते खांबाला जाऊन उभे राहिले. "लावा टेप." रेघेच्या वर चार बोटं. छाती इतकी भरली की फौजदारांनी भुवया उचलल्या. "हितं पास ना?" हवालदारांनी विचारलं, आणि चाहूला म्हणाले, "आता तू वर जा. तुला वाटंल ते मांडून ये. मला सांगू नकोस."

"कशाला हे, हवालदार?" फौजदार आता हसत नव्हते. "तुमची दोनच वर्षं राहिलीत."

"दोन वर्सांत दरोडा पडनार नाय असं लिवून देता का, साहेब?"

चाहू जाऊन आला. मग हवालदार निघाले. पळाले नाहीत, त्यांना ते जमणारच नव्हतं. करवंदीच्या जाळीपर्यंत आम्हाला दिसले, पुढं दिसले नाहीत. फौजदार दोनदा उठले आणि पुन्हा बसले. मला मागच्या खोलीतलं कांबळं आठवत होतं, धूर आठवत होता, आणि माझ्या अक्षरातले ते सगळे खोकले आठवत होते. एकदा जरी खरं लिहिलं असतं तर डॉक्टरांनी त्यांना बसून करायचं काम दिलं असतं, असं मला त्या तासाभरात पहिल्यांदा वाटलं.

ते आले. उमेदवार जिथं उभे राहत तिथं येऊन उभे राहिले. ओठ निळसर झाले होते. प्रश्न विचारायचा तर विचारणारे दर वेळी हवालदारच. आता कोण विचारणार? त्यांनी चाहूकडे बघून मान हलवली.

चाहू खालच्या आवाजात म्हणाला, "नाव?"

हवालदारांचं तोंड उघडलं. छाती वर झाली, खाली झाली, पुन्हा वर झाली. शब्द आला नाही. उजवा हात हळूहळू उचलला जाऊ लागला, काहीतरी दाखवायला निघाल्यासारखा. तो हात त्यांनी स्वतःच बघितला. बघितला आणि खाली घेतला.

मग त्यांनी पट्ट्याला हात घातला. बक्कल निघेना. मी पुढं झालो तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. बराच वेळ लागला. पट्टा काढून त्यांनी माझ्या नोंदवहीवर ठेवला, ओल्या शाईच्या बाजूला, शाईला लागणार नाही असा. मी डोळे पुसले, आणि ते कुणी बघितलं याची मला पर्वा नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्याचं रजिस्टर काढलं आणि त्यांच्या नावापुढं दमा लिहिला. डॉक्टर मला खूप बोलले. ते बरोबरच बोलले.

चाहूला हवालदारांनी चिठ्ठी देऊन अलिबागेला धाडला. त्यात उंची खरी लिहिली होती, बोटभर कमी, आणि खाली टेकडीचं सगळं सविस्तर. अलिबागेला खांबाला उभा केला आणि दोन मिनिटांत परत पाठवला. वर काय पाहिलंस, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती. चाहू नेरळहून माथेरानला ओझी वाहू लागला. ठाण्यात नवे हवालदार आले, त्यांनी रेघ ठेवली आणि टेकडी बंद केली. धोंडजी हवालदार पोशीरला भावाकडे राहायला गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. नेरळला काम होतं, तसाच पुढं पोशीरला गेलो. शेताच्या बांधावर घोंगडं टाकून बसले होते. भात कापून शेत मोकळं झालेलं. बाजूला धोतऱ्याच्या पानांची जुडी वाळत होती. चाहू आठवड्याच्या आठवड्याला आणून देतो, असं भावजय म्हणाली. अंग उतरलं होतं, छाती तेवढी तशीच होती. पायाशी त्या वहाणा होत्या, उजवीला सुंभ.

मला पाहून त्यांना बरं वाटलं. मीच बोलत राहिलो, ठाण्याचं, डॉक्टरांचं, चिंच तोडली त्याचं. मग इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. चाहूला मी पुष्कळदा विचारलं होतं, तो नुसता खाली बघायचा.

"हवालदार, त्या दिवशी वर त्यानं काय मांडलं होतं?"

त्यांनी हात वर केला. नंतर, इतक्या वर्षांनी, ते शब्द त्यांच्या तोंडून आले.

"दम धरा, कंपाउंडर."

मी थांबलो. त्यांनी वारा भरायला सुरुवात केली. थोडा भरला, थोडा निसटला, पुन्हा भरला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मोकळ्या शेतात एक बगळा चालत या टोकाचा त्या टोकाला गेला. हवालदार माझ्याकडेच बघत होते, उमेदवार बघतो तसे.

"कायबी नाय," ते म्हणाले. पुन्हा वारा भरला. "रिकामं. मला... कमी बोलाया लागावं... म्हनून."

आणि मग त्यांनी डोळे मिटले, काम झाल्यासारखे. मला छातीत दुखल्यासारखं झालं, डोळ्यांपुढं अंधारी आली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, त्यांनी दम धरा म्हटल्यापासून मी श्वासच घेतला नव्हता.